दाढ दाखवायची कुठे?

अल्लीपुरात दाढ दुखायला लागली की पहिला उपाय घरातला असतो: लवंग दाताखाली दाबून धर. दुसरा शेजारणीचा: तंबाखूची चिमूट ठेव, बधिर होते. तिसरा औषधाच्या दुकानातला: ही गोळी घ्या, जेवून घ्या. दाताच्या डॉक्टरचा नंबर त्यानंतर लागतो. तोवर गाल सुजलेला असतो, दोन रात्री भिंतीला टेकून काढलेल्या असतात, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेशंट सांगून मोकळा होतो, "काढूनच टाका जी."

हिंगणघाट तालुक्यातलं हे मोठं गाव. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि तापापासून बाळंतपणापर्यंत, लसीपासून कुत्र्याच्या चाव्यापर्यंत पुष्कळ काही तिथे निभावतं. दात तेवढा निभावत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका असते, औषध देणारा असतो, रक्त-लघवी तपासणारा असतो. दंतशल्यचिकित्सक सहसा नसतो. तो वरच्या पायरीवर भेटतो, म्हणजे हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात. केंद्रातले डॉक्टर वेदना कमी करणारी गोळी देतात, लागलं तर अँटिबायोटिक देतात, आणि म्हणतात, पुढे दाखवून घ्या.

पुढे म्हणजे कुठे, हे नीट कुणी सांगत नाही. सांगायला वेळ नसतो, आणि दात ही काय सांगायची गोष्ट, असंही असतं. मग माणूस गावात विचारतो, आणि गावात या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक: सरकारीत जा, फुकट आहे, खाजगीत लुटतात. दुसरं: सरकारीत नुसते दात उपटतात, खाजगीत काम चांगलं. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. मात्र अल्लीपूरहून निघणाऱ्याचा खरा हिशेब यांपैकी कशातच नसतो. तो खेपांचा असतो.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ऐन वेचणीत हिंगणघाटला एक खेप म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. सोबत सून किंवा नवरा आला तर त्याचीही गेली. एसटीचा भार आता थोडा हलका झालाय. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच्या वर्षापासून तिकीटच नाही. पण दिवस जातो तो जातोच. ज्या उपचाराला चार खेपा लागतात तो केसपेपरवर फुकट असला तरी घरात फुकट पडत नाही. उलट बाजूने, खाजगीत दोन खेपांत उरकणाऱ्या कामाचे पैसे ऐकले की ते काम सोयाबीन निघेपर्यंत पुढे ढकललं जातं, आणि तोवर त्या दाढेत वाचवण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून सरकारी की खाजगी हे विचारण्याआधी दाढ कोणत्या अवस्थेत आहे ते विचारायला हवं. तिथूनच पुढचं सगळं ठरतं.

दाढेचं वरचं कवच, इनॅमल, शरीरातलं सगळ्यांत कठीण. त्याखाली डेंटिन, आणि मधोमध मऊ गाभा, ज्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड इनॅमलमध्ये असते तोवर काहीच दुखत नाही. आरशात काळा ठिपका दिसतो, तोही कुणी पाहिला तर. डेंटिनमध्ये उतरली की थंड पाणी लागतं, गुळाचा खडा लागतो. या वेळी दाढ दाखवली तर किडका भाग कोरून सिमेंट भरतात, साधारण एका खेपेचं काम. हे काम सरकारी खुर्चीवर होतं, खाजगीत होतं, दंत महाविद्यालयात होतं, आणि कुठेही केलं तरी फारसा फरक पडत नाही. अडचण एवढीच की या वेळी कुणी जात नाही. थंड पाणी दुसऱ्या बाजूने प्यायलं की भागतं.

कीड गाभ्यापर्यंत पोचली की रात्री आडवं पडल्यावर ठणका सुरू होतो. आता नुसतं भरून चालत नाही. एक तर रूट कॅनल, नाहीतर दाढ काढणं. आणि याच्याही पुढे एक फसवी अवस्था आहे. आतली नस मरते, ठणका आपोआप थांबतो, आणि माणूस म्हणतो, लवंगेने गुण दिला. मुळाशी मात्र पू साठत असतो. काही महिन्यांनी गाल फुगतो, हिरडीवर फोड येतो. अल्लीपूरचा पेशंट बसमध्ये चढतो तो बहुतेक वेळा ठणक्याच्या अवस्थेत किंवा या शेवटच्या. त्या वेळी सरकारी आणि खाजगी या दोन वाटा खरोखर वेगळ्या होतात.

सरकारी बाजू आधी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचारांचे पैसे घेणं बंद झालं; केसपेपरचेही नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हा निर्णय लागू आहे. हिंगणघाटला किंवा वर्ध्याला दाढ काढून घेणं, दात साफ करून घेणं, साधं सिमेंट भरून घेणं याला आता खिशात हात घालावा लागत नाही. तिथला दंतशल्यचिकित्सक बाहेरच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरसारखाच शिकलेला असतो, पदवी तीच, हात तोच. बऱ्याचदा त्याने एका आठवड्यात जेवढ्या दाढा काढलेल्या असतात तेवढ्या खाजगीतल्या डॉक्टरने महिन्यात काढलेल्या नसतात. अवघड दाढ काढायची असेल तर मी डोळे मिटून सरकारी हातावर विश्वास ठेवीन.

मग "सरकारीत नुसते दात उपटतात" असं लोक का म्हणतात? कारण तिथे खुर्ची एखाददुसरी असते, डॉक्टर एखाददुसरा असतो, आणि बाहेर रांग असते. रूट कॅनल म्हणजे काय ते एकदा पाहिलं की हा घोळ उलगडतो. खालच्या दाढेला सहसा तीन नळ्या असतात, कधी चार. दाढेच्या माथ्यावर भोक पाडून त्यांची तोंडं शोधायची. कित्येकदा ती टाचणीने टोचल्याएवढी असतात. मग बारीक सुया, ज्यांना फाईल म्हणतात, आत घालून प्रत्येक नळीची लांबी मोजायची, एक्स-रेवर पडताळायची, नळी थोडी थोडी रुंद करायची, औषधी द्रावणाने पुन्हा पुन्हा धुवायची, कोरडी करायची, आणि शेवटी गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या पदार्थाने ठासून बंद करायची. मिलिमीटरचा फरक राहिला तरी पू परत येतो. एका बैठकीला पाऊण तास, तास सहज जातो, आणि पुष्कळदा बैठका दोन-तीन होतात. तेवढ्या वेळात रांगेतल्या कितीतरी जणांची ठणकणारी दाढ काढून त्यांना घरी पाठवता येतं. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरने काय निवडावं?

शिवाय रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ होते. तिच्यावर टोपी, म्हणजे कॅप, बसवली नाही तर एखाद्या दिवशी चणा खाताना ती उभी चिरते आणि सगळं मुसळ केरात. कॅप लॅबमध्ये बनते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ती सोय सहसा नसते. म्हणजे सरकारीत रूट कॅनल झालं तरी कॅपसाठी बाहेर जावं लागणार, हे पेशंटला आधीच सांगितलं पाहिजे. ते सांगितलं जात नाही, पेशंट दुखणं थांबलं म्हणून परत येत नाही, आणि वर्षाभरात तीच दाढ फुटून पुन्हा त्याच खुर्चीत येते, या वेळी काढायला.

सरकारी रुग्णालयात जाताना काही साध्या गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. दाढ काढायला उपाशी जायचं नाही, उलट पोटभर जेवून जायचं. सुईच्या भीतीने आणि रिकाम्या पोटाने चक्कर येते, आणि लोक म्हणतात इंजेक्शन चढलं. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या आणि त्यांची चिठ्ठी सोबत न्यायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आधी डॉक्टरला सांगायचं. आणि वरची दाढ काढली की नजर जाते, हे गावोगाव ऐकू येणारं भय साफ खोटं आहे. दाढेची संवेदना मेंदूला नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. या भीतीपायी किती जणांनी वर्षानुवर्षं पू तोंडात बाळगला असेल याचा हिशेब नाही.

आता खाजगी. हिंगणघाट आणि वर्धा दोन्हीकडे दाताचे दवाखाने भरपूर झालेत. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत. दरवर्षी हजारोंनी डॉक्टर बाहेर पडतात आणि सरकारी जागा मोजक्या, त्यामुळे बहुतेकांना क्लिनिक टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह, जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता; हे सगळं पेशंटच्या बिलातूनच निघायचं असतं. खाजगी डॉक्टर महाग वाटतो त्याचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं कारण माणसागणिक वेगळं.

खाजगीची खरी ताकद वेळेत आहे. फोन करून वेळ मिळते, संध्याकाळी जाता येतं, एक्स-रे तिथल्या तिथे निघतो, रूट कॅनल एक-दोन बैठकांत होतं, कॅप लॅबमधून येते. खेपा वाचतात. ठणकणारी दाढ वाचवायची असेल आणि पैसे उभे राहत असतील तर ही वाट सरळ आहे. आकड्यांची ढोबळ कल्पना असावी: रूट कॅनल चार आकड्यांत, कॅपही चार आकड्यांत, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, पाच आकड्यांत. घासाघीस करायला लोक लाजत नाहीत, पण प्रश्न विचारायला लाजतात. मला हे नेहमी उलटं वाटतं. डॉक्टरने सांगितलेली रक्कम नुसत्या रूट कॅनलची आहे की कॅपसकट, हा पहिला प्रश्न. बहुतेक भांडणं याच एका गोष्टीवरून होतात. दुसरा प्रश्न कॅपच्या जातीचा. धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली, आणि झिरकोनियाची. किमती चढत जातात. पुढच्या दाताला रंग जुळणं महत्त्वाचं आहे, मान्य. मागच्या दाढेकडे मात्र तुमच्याशिवाय आणि डॉक्टरशिवाय कुणी पाहत नाही. तिथे धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते, दाढही कमी कोरावी लागते. हे स्वतःहून सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला धरून राहावं.

उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्यावा, निदान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. बिल घ्यावं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच, व्ही. पी. शांता खटल्यात, सांगून ठेवलंय. पण कागद नसेल तर ग्राहक आयोगापुढे दाखवणार काय? आणि सगळ्यांत आधी भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र बघावं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीशिवाय दातांचा धंदा करायला मनाई आहे. तरी पाटी नसलेले, परंपरेने दात बसवणारे आजही सापडतात. त्यांची पद्धत ठरलेली: पडलेल्या दाताच्या जागी प्लास्टिकचा दात ठेवायचा आणि लगेच घट्ट होणारं ॲक्रिलिक ओतून तो शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून टाकायचा. काढता येत नाही, घासता येत नाही. त्याखाली अन्न कुजतं, हिरडी सडते, आणि दोन-तीन वर्षांत शेजारचे चांगले दातही हलायला लागतात. तीन दात बसवायला निघालेला माणूस सहा घालवून बसतो. स्वस्त म्हणून हे करून घेणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याच्या गावात दुसरं काय उपलब्ध होतं, हेही विचारावं.

या दोन वाटांच्या मधे वर्धा जिल्ह्यात तिसरी वाट आहे, आणि या बाबतीत हा जिल्हा नशीबवान. वर्ध्याहून यवतमाळ रस्त्याला लागलं की सावंगी (मेघे) येतं. तिथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे, दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचं, आणि त्याच परिसरात आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. संस्था खाजगी आहे. पण दंत महाविद्यालयाचं गणित क्लिनिकच्या गणितापेक्षा मुळातच वेगळं असतं, कारण तिथे पेशंटला डॉक्टरची जेवढी गरज असते तेवढीच डॉक्टरला पेशंटची असते.

दंत महाविद्यालयात गेलं की आधी रोगनिदान विभागात बसवतात. तिथे सगळं तोंड पाहतात, नुसती दुखरी दाढ नाही, आणि एक्स-रेला पाठवतात. मग कागदावर लिहिलं जातं की ही दाढ काढायची, ही भरायची, हिरड्या साफ करायच्या, आणि त्या त्या विभागात धाडलं जातं. काढण्याचा विभाग वेगळा, रूट कॅनलचा वेगळा, हिरड्यांचा वेगळा, कवळीचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, वाकड्या दातांना तारा लावणाऱ्यांचा वेगळा. पहिल्यांदा येणारा माणूस इथेच गोंधळतो. एका मजल्यावरून दुसऱ्यावर, एका रांगेतून दुसरीत. सकाळी लवकर आला नाही तर पहिला दिवस नुसत्या तपासणीत जातो.

एका मोठ्या दालनात खुर्च्यांच्या ओळी असतात आणि प्रत्येक खुर्चीशी एक पांढरा कोट. तो बहुधा विद्यार्थी असतो: तिसऱ्या वर्षाचा, शेवटच्या वर्षाचा, इंटर्न, किंवा एमडीएस करणारा. गावातला आक्षेप इथेच असतो, पोरं आपल्यावर हात साफ करतात. शिकतात, हे खरंच आहे. पण विद्यार्थी कीड कोरतो आणि थांबतो. शिक्षक येतो, आरशाने बघतो, अजून थोडं काढ म्हणतो किंवा वहीत सही करतो. त्यानंतरच पुढची पायरी. सिमेंट भरलं की पुन्हा तपासणी, पुन्हा सही. अवघड दाढ दिसली की काम वरच्या वर्गाकडे किंवा शिक्षकाकडे जातं. खाजगी क्लिनिकमध्ये डॉक्टरचं काम त्याच्याशिवाय दुसरं कुणी तपासत नाही. किंमत मोजायची ती वेळेत. क्लिनिकमध्ये अर्ध्या तासात होणारं सिमेंट इथे दीड-दोन तास घेतं, जबडा आ वासून दुखायला लागतो.

मात्र परीक्षेला बसण्याआधी ठरावीक संख्येने केसेस पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या भरता भरता विद्यार्थ्याच्या नाकी नऊ येतात. त्यामुळे दंत महाविद्यालयांत एक उलटी गंमत बघायला मिळते. पेशंट डॉक्टरला फोन करत नाही, डॉक्टर पेशंटला करतो: मावशी, उद्या नक्की या बरं, तुमची कवळी तयार आहे. आपल्या खिशातून पेशंटचे पैसे भरणारे विद्यार्थीही या कॉलेजांना नवीन नाहीत. दर एकंदरीत क्लिनिकपेक्षा कमी असतात. आपलं काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव आणि त्याचा वार लिहून घेतला, की पुढच्या खेपेला रांग अर्धी होते. सुट्ट्या आणि परीक्षांचे आठवडे टाळावेत.

म्हाताऱ्यांच्या कवळीसाठी मला सावंगीची वाट सगळ्यांत योग्य वाटते. पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा लागतातच, कुठेही केली तरी: आधी माप, मग पुन्हा नेमकं माप, मग दोन जबडे एकमेकांवर कसे बसतात ते मेणाच्या पट्ट्यांवर, मग मेणात दात मांडून बघणं, मग पक्की कवळी, आणि त्यानंतर टोचतं तिथे घासून घ्यायला. लोक ही शेवटची खेप चुकवतात आणि कवळी डब्यात जाते. म्हाताऱ्या माणसाचा दिवस मजुरीत धरला जात नाही आणि पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, म्हणजे खेपांचं ओझं इथे सगळ्यांत कमी. शिवाय केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या साठीपुढच्यांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही त्या यादीत आहे. शिबिरात काठ्या आणि खुर्च्या दिसतात, कवळी विचारणारा क्वचित. विचारावं.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय ही चौथी वाट, १९६८ पासूनची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं. २०२३ चा मोफत उपचाराचा निर्णय आरोग्य विभागाचा आहे, म्हणून तिथे थोडं शुल्क असू शकतं. अल्लीपूरच्या माणसाने साध्या दाढेसाठी तिथवर जायचं कारण नाही. जबड्याचं मोठं काम असलं तर गोष्ट वेगळी.

योजनांबद्दल एक गैरसमज खोलवर आहे. पिवळं-केशरी कार्ड आहे, पाच लाखांची योजना आहे, मग दात का नाही? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती रुग्णालयात भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. अपघातात जबडा मोडला, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करायची आहे, तर योजना कामाला येते. सिमेंट, रूट कॅनल, कॅप, दात साफ करणं तिच्यात बसत नाही. खाजगी आरोग्यविम्याचीही तीच कथा, अपघात सोडला तर दात सहसा वगळलेले. ईएसआय कार्ड असलेल्या कामगाराला दातांचे साधे उपचार मिळतात, हे हिंगणघाटच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

दाताला आरोग्याच्या पंगतीत शेवटचं पान मिळणं ही आपलीच रीत नाही. ब्रिटनने जुलै १९४८ मध्ये सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा सुरू केली, त्यात कवळ्याही होत्या. लोकांनी इतक्या कवळ्या मागितल्या की तीन वर्षांत सरकारने हात आखडता घेतला, आणि पैसे आकारायला सुरुवात झाली ती कवळी आणि चष्म्यापासून. ही सेवा उभी करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन त्यावरून एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. दात हा शरीराचा भाग नाही असं कुणी म्हणत नाही. अंदाजपत्रकात मात्र तो वेगळा काढला जातो.

आपल्या जिल्ह्यात याहून शहाणा विचार एकदा झालाय. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा सुरू केला, त्यात हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगी झाली की घरात धान्य असतं, रोख नसते, हे ओळखून केलेली ती मांडणी होती. दातांचे पैसेही सुगीवरच ठरतात. सोयाबीन निघालं की, कापूस विकला की. दाताच्या डॉक्टरांनी हप्ते याच वेळापत्रकाने बांधले तर निम्म्या दाढा उन्हाळ्यापर्यंत लांबणार नाहीत.

आतापर्यंत ज्याचा हिशेब मांडला ते सगळं थांबू शकतं. दोन गोष्टी थांबू शकत नाहीत. दाढेची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर क्लिनिक शोधत बसायचं नाही. हा पू श्वासनलिका दाबून जीव घेऊ शकतो. सरळ सेवाग्राम किंवा सावंगीच्या कॅज्युअल्टीत, रात्र असो की दिवस.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून तयार. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर हाताने घोटून मिळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू घेणारे निघाले, म्हणजे दर चौघांत जवळपास एक. सुपारीने गालाच्या आतलं आवरण हळूहळू ताठ होतं, तिखट सहन होईनासं होतं, आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे घरी कुणालाही बघता येतं. दोनच जात असतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं, दात दुखत नसला तरी. गालावर, जिभेच्या कडेला पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तरीही. ही तपासणी उपजिल्हा रुग्णालयात फुकट होते, सावंगीला होते. गाठ निघाली तर फुले योजना इथे लागू पडते, आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय या भागातल्या लोकांना ओळखीचं आहे. मजुरी बुडते म्हणून ही एक खेप टाळू नये.

लहान मुलांबाबत एवढंच: सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते ती दुधाची नाही. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, मागून गुपचूप उगवते, म्हणून आईबाप समजतात की पडून नवी येईल. ती कायमची आहे आणि दहाव्या-बाराव्या वर्षीच किडून काढलेली दाढ पुष्कळदा हीच असते. शाळा-अंगणवाडीत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, मुलांचे दातही बघतं, आणि चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरात राहते. त्या वेळचं सिमेंट एका खेपेत आणि बिनपैशात होणारं असतं.

आरोग्य केंद्रातून, शाळेतून, शिबिरातून दातांसाठी ज्या चिठ्ठ्या निघतात त्यांवर "पुढील उपचारासाठी" याच्या पलीकडे काही लिहिलेलं नसतं. त्याच कागदाच्या मागे पाच ओळी छापता येतील: हिंगणघाटला दाताचे डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, तिथे काय होतं आणि काय होत नाही, रूट कॅनलला सावंगीत कोणता विभाग, जेवून या, सोबत गोळ्यांची चिठ्ठी आणा. आशाताईंना तोंडपाठ व्हायला एक मासिक सभा पुरेल. आणि डॉक्टरने वर हाताने लिहायचं ते फक्त एवढं, की ही दाढ वाचेलसं दिसतं, किंवा नाही.